वजनाला

सीटखालचं झाकण उचलून आडवी काठी लावल्यावर गायत्रीनं आधी मोजून घेतलं. काळ्या बॅटऱ्या चार, घरातल्या इन्व्हर्टरला लावतात तसल्या. शहाबादी फरशीचे तुकडे नऊ, एकावर एक रचून तारेनं आवळलेले. प्लायवूडची एक फळी. सायकलच्या ट्यूबच्या तीन पट्ट्या. एक वाळलेली पाल. आणि या सगळ्याच्या भोवती रिकामी जागा. तिनं हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

"चोवीस पाहिजेत," ती म्हणाली.

"काय चोवीस?"

प्रश्न ओट्यावरून आला. मुरुम गावच्या त्या दाळ मिलच्या ओट्यावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीत मिलचे मालक महांतप्पा, दुसरीत गायत्रीचे काका शिवानंद. काका माकणीच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष होते. कंपनीच्या नव्या गोदामासाठी ही बॅटरीवर चालणारी जुनी फोर्कलिफ्ट घ्यायची होती आणि ती तपासायला गायत्री आली होती.

"सेल," ती म्हणाली. "दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल. त्यांची एक अखंड लोखंडी पेटी असते. इथं बारा-बाराच्या चार बॅटऱ्या बसवल्यात."

"बारा चोक किती?" महांतप्पांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"आन् चोवीस दुणे?"

"अठ्ठेचाळीस."

"मग? हिशोब जुळला की, ताई!"

दारात बसलेले दोन हमाल हसले. काकाही हसले, आणि पुतणीकडं बघून हसू लगेच आवरलं. गायत्रीनं पर्समधून खडू काढला आणि शेजारच्या भिंतीवर लिहिलं: चोवीसऐवजी चार.

तिनं भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती आणि कंपनीच्या बियाणं तपासणीच्या खोलीत ती काम करायची. शंभर दाण्यांतले किती उगवतात ते मोजायचं, ओलावा काढायचा, चिठ्ठीवर सही करायची. यंत्राच्या कर्जासाठी बँकेला तपासणीचा दाखला हवा होता आणि त्यावर शास्त्र शिकलेल्या माणसाची सही. सकाळी येताना गाडीत काकांनी सांगून टाकलं होतं, "सही तुझी लागते. पसंती माझी झालेली हाय." खिडकीची काच तिनं वर केली, मग खाली केली, मग परत वर केली.

घरातून सुशीलाच्या, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांच्या, बशा आल्या. वर भरपूर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर होती. काकांनी हात आडवा केला.

"सोमवार हाय माझा."

"अरे, विसरलोच की," महांतप्पा म्हणाले, आणि आत वळून कानडीत काहीतरी ओरडले. काकांसाठी दोन केळी आली. त्यातलं एकच त्यांनी खाल्लं, अगदी सावकाश, आणि दुसरं खुर्चीच्या हातावर ठेवलं.

गायत्रीनं बशी ओट्यावर तशीच ठेवली आणि ती पुन्हा गाडीकडं वळली. जे चांगलं होतं ते तिनं चांगलं म्हणूनच लिहिलं. फोर्क म्हणजे पुढचे दोन लोखंडी हात वाकतात त्या जागी व्हर्नियर लावून बघितले; झीज फार नव्हती. साखळीच्या कड्या ताणलेल्या नव्हत्या. तेल कुठं गळत नव्हतं. टायर घासले होते, पण सारखे घासले होते. पिवळा रंगही बऱ्यापैकी टिकून होता. नाही म्हणायला मागच्या बाजूला, बिडाच्या जाड ठोकळ्यावर, दोन जागी तो पार उडाला होता. तळहाताएवढे दोन ठिपके, शेजारी-शेजारी, आतलं करडं लोखंड चकचकीत झालेलं. वरच्या छताचा एक खांबही एका ठिकाणी तसाच झळकत होता. गंज नव्हता. काहीतरी वर्षानुवर्षं तिथं घासत आलं होतं. तिनं दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, भिंतीवर लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

"पोत्यांनी घासलं असंल," काका ओट्यावरून म्हणाले.

"पोती पुढं असतात, काका."

काकांनी उरलेलं केळ उचललं, बघितलं, परत ठेवलं.

डॅशबोर्डखाली पत्र्याची पाटी होती. तिच्यावर हळद-कुंकवाचा जाड थर साचला होता, त्यावर भस्माचे तीन पट्टे. गायत्रीनं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि पाटी घासायला घेतली.

"ओ ताई! साकु, साकु!" महांतप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "बस करा ते. दसऱ्याची पूजा हाय ती. पुसत न्हाईत."

"पाटी वाचायची आहे."

"सांगतो की मी. दीड टनाची गाडी हाय."

ती घासत राहिली. कुंकू रुमालात उतरलं, बोटांना लागलं. खालचे आकडे वर आले. उचलायचं वजन पंधराशे किलो. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती तिनं दोनदा वाचली.

"बॅटरीचं वजन किमान साडेआठशे किलो," ती मोठ्यानं म्हणाली. "या चार मिळून अडीचशेसुद्धा भरणार नाहीत."

"म्हणून तर फरशी घातली," महांतप्पा म्हणाले.

"फरशी शंभर किलो असेल. बाकीचं?"

"ताई, वीज बॅटरीत असती. वजनात न्हाय."

"ह्या गाडीत वजनच महत्त्वाचं असतं, अप्पा. पुढं ओझं आणि मागं बॅटरी. लहान मुलांचा सी-सॉ असतो ना, तसंच आहे हे. मागची बाजू हलकी झाली की गाडी तोंडावर पडते."

"दहा-बारा वर्षांत पडली न्हाय ती."

दारातल्या हमालांपैकी एकजण खोकला. गाडीचा ड्रायव्हर भीमाशंकर स्टिअरिंग पुसत होता. त्याचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"ऐक," काका म्हणाले. आवाज खाली होता, पण त्यात धार होती. "एका माणसाच्या दारात बसलोय आपण. मिल बंद करून लेकाकडं सोलापूरला चाललेत, म्हणून गाडी आपल्याला देतायत. महिन्यावर बियाणं येणार हाय. आपल्याकडं हमाल मिळंनात. नवी गाडी आपल्या आवाक्यात न्हाय. हे समदं तुला ठाऊक हाय. मग दोष कशाला काढत बसायचे?"

"दोष मी काढत नाही. मोजते आहे."

"मग मोज. पण तोंड बंद ठिवून मोज."

गायत्रीनं खडू इतका दाबून धरला की त्याची पांढरी पूड तिच्या चपलेवर सांडली.

"वजन टाकून बघायचं आहे," ती म्हणाली. "तीस कट्टे. पन्नास किलोचे. पाटीवर लिहिलंय तेवढंच."

मिलमध्ये शेवटचा माल अजून पडून होता, तुरीच्या कट्ट्यांची एक थप्पी. महांतप्पांनी हात हलवला. भीमाशंकर गाडीवर चढला, पण त्यानं चावी फिरवली नाही.

"वजनाला कोण, अप्पा?"

"निरोप धाडलाय शांतम्माला. येतीय." मग ते गायत्रीकडं वळले, जरा मऊ आवाजात. "गाडी घेतल्यापासनं वजनाला तीच असती. लई भरवशाची बाई. मी तुमच्या काकांना बोललोय, गाडीबरोबर तिलाबी घेऊन जावा. हितं मिल बंद झाल्यावर ती काय करंल?"

गायत्रीच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली. इतकी वर्षं काट्यावर बसलेली बाई. किती कट्टे उचलले की गाडी कशी वागते, ते तिला नक्की सांगता येईल. माकणीच्या गोदामात काट्यावर माणूस हवाच होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "तोवर काट्यावर मी बघते. आकडे वाचता येतात मला."

भीमाशंकरनं तोंडावर हात धरला. काकांनी टॉवेल खांद्यावरून काढला, झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

काटा मिलच्या मधोमध जमिनीत बसवलेला होता, दोन टनांचा, लोखंडी फळा फरशीच्या पातळीत. बाजूच्या खांबावर लाल आकड्यांची पेटी. गायत्री पेटीची धूळ पुसत होती तेवढ्यात शांतम्मा आली.

पन्नाशीची बाई. कधीकाळी अंगानं भरलेली असावी. आता चोळी दंडावर सैल होती. चालताना उजवा पाय जरा बाहेर पडायचा. तिनं महांतप्पांना हात जोडले, काकांना जोडले. गायत्रीकडं बघितलं. मग काट्याकडं न येता ती सरळ गाडीच्या मागं गेली. चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या. पदर कमरेला खोचला. एका हातानं छताचा खांब धरला, डावा पाय टाकला, मग उजवा, आणि बिडाच्या ठोकळ्यावर उभी राहिली.

तिचे पाय त्या दोन चकचकीत ठिपक्यांवर होते. हात खांबाच्या झळकत्या जागी होता. उजव्या पायाला तीन बोटं होती.

"चला," शांतम्मा म्हणाली. "किती न्यायचेत?"

गायत्री काट्याच्या पेटीजवळ उभी होती, हातात धुळीचा रुमाल.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही काट्यावर असता ना?"

"काट्यावर? काट्यावर मुनीम असायचा. म्या वजनाला."

आता हमाल उघड हसले.

"ताईला वाटलं, तू वजन करतीस," भीमाशंकर म्हणाला.

"करती की!" शांतम्माही हसली. "सोताचं. अप्पाच्या भाकरीवर केलंय."

"उतरा," गायत्री म्हणाली.

"का? अजून गाडी चालू बी झाली न्हाय."

"मावशी, आधी खाली उतरा."

तिचा आवाज पत्र्याच्या छपराला लागून परत आला. शांतम्मा उतरली नाही. तिनं महांतप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवल्यावर उतरली, आणि चपला न घालता तिथंच उभी राहिली.

"हे कसलं काम आहे?" गायत्री ओट्याकडं वळली. "माणूस बांधायचा गाडीला? फरशीच्या जागी?"

"बांधली न्हाय कुणी," महांतप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "गाडीसंगं आलेली बॅटरीची पेटी बसली. नवी केवढ्याला येती, ठाऊक हाय? मंग इन्व्हर्टरच्या घातल्या. गाडी चालली. मागनं जरा उठायची, तर एक माणूस उभा केला. भागातल्या चार मिलांत असंच चालतं. आन् मी माणुसकी सोडली न्हाय. तिचा पाय गेला तवा दवाखाना मी केला. घरी बसून पगार दिला. इचारा तिला!"

"केला," शांतम्मा म्हणाली. "न्हाय म्हणत न्हाय."

"पाय कसा गेला?" गायत्रीनं विचारलं.

"उपासानं."

"काय?"

"श्रावण होता. म्या सोमवार धरलेले, आन् त्या साली शनवार बी. घटली वाईच. मला कुठं ठाऊक गाडीला कळतंय ते! तेहतीस कट्टे व्हते. गाडी मागनं उठली, म्या पडले, आन् पुढनं कट्टे सांडल्यावर गाडी परत बसली." तिनं उजव्या पायाकडं नुसती हनुवटी केली. "तवापास्नं उपास बंद. सोमवारी मालकीणबाई समोर बसवून जेवू घालतात. गुळाचा खडा, तूप, समदं. म्हणतात, देवाला मी सांगते, तू खा."

"वजन राखाय नको?" महांतप्पा म्हणाले. "तिच्याच जिवासाठी."

"व्हय. माझ्याच." शांतम्मा हसली नाही. "किती सोमवार मोडले, अप्पा, मोजले का तुमी?"

ओट्यावरच्या सुशीलाच्या बशीवर माश्या बसल्या होत्या. काकांनी टॉवेलनं त्या उडवल्या. उगाच दोनदा उडवल्या.

गायत्री काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"अप्पा बोलले होते मला. बाई गाडीबरोबर येणार, असं."

"कशासाठी येणार, तेही बोलले होते?"

काकांनी भस्म लावलेल्या कपाळावरून हात फिरवला आणि बोटांना लागलेलं पांढरं धोतराला पुसलं.

"एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "हितनं तितं चार पावलं. नुसतं उभं राहायचं. ऊन न्हाय, ओझं न्हाय. आपल्या गोदामात बाया दिवसभर वाकून बी निवडतात, त्यापेक्षा बरं. आन् हिला कोण देतंय काम ह्या पायावर? आपण देतोय."

"आणि ही नसेल त्या दिवशी? निवडणाऱ्या बायांतली एखादी उभी करणार?"

"करू त्या वक्ताला त्या वक्ताचं."

"मी सही करणार नाही."

"गायत्री!"

"नाही करणार."

"तुला कुणी इचारलं न्हाय करणार का न्हाय ते!" काका उठून उभे राहिले. खुर्ची मागं सरकून भिंतीला आपटली, केळ खाली पडलं. "शिकवली म्हणून डोक्यावर बसतीस? ह्या माणसासमोर माझा शब्द गेलाय!"

"ताई," मागून शांतम्मा म्हणाली.

गायत्री वळली.

"तुमी गाडी नको म्हणताय. म्हंजी म्या नको, असंच झालं की न्हाय?" शांतम्माचा आवाज चढला नव्हता, पण तिनं पदर कमरेतून ओढून काढला होता आणि तो मुठीत आवळला होता. "दोन बोटं ह्या लोखंडाला दिली. आता गाडी भंगारात गेली तर म्या कुठं जाऊ? तुमची सही वाचली, लई चांगलं झालं. माझ्या चुलीचं काय, ते लिवलंय का भितीवर?"

गायत्रीनं भिंतीकडं बघितलं. तिथं फोर्कची जाडी होती, साखळीची लांबी होती, दोन ठिपक्यांमधलं अंतर होतं आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह. मग ती भिंतीजवळ गेली, तळहातानं ते प्रश्नचिन्ह पुसलं.

"भीमाशंकर," ती म्हणाली, "गाडी अशी लावा की मागची चाकं काट्यावर येतील, पुढची काट्याबाहेर."

"वजनाला..."

"कुणी नाही. फोर्क जमिनीपासून चार बोटंच वर ठेवायचे. कललीच तर चार बोटं कलेल, टेकेल, थांबेल. त्याच्या वर एक बोटसुद्धा नाही."

भीमाशंकरनं मालकाकडं बघितलं. "करू द्या तिला," महांतप्पा म्हणाले. "मोजायची हौस फिटू द्या."

गाडी घुं करत काट्यावर गेली. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर बाराशे चाळीस किलो आले. तिनं ते लिहिलं. हमालांनी फोर्कवरच्या पॅलेटवर कट्टे रचायला घेतले. वीस झाल्यावर तिनं हात वर केला. चारशे चाळीस.

"बघा," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "पुढं एक कट्टा चढला की मागचे चाळीस किलो जातात. मागची चाकं जमिनीवर किती टेकलीत, तेवढंच ही पेटी सांगते. शून्य झालं की चाक उठतं."

आणखी दहा रचले. तीस. शांतम्मा लंगडत पेटीजवळ आली होती. लाल आकडे जरा थरथरले आणि थांबले.

"चाळीस," गायत्री म्हणाली. "पाटीवर लिहिलंय तेवढंच ओझं आहे आणि मागं चाळीस किलो उरलेत. ब्रेक दाबला तरी उठेल."

"तीसचं काय सांगता!" महांतप्पा ओट्यावरून खाली उतरले होते. त्यांनाही आता रागाचा जोर आला होता. "तेहतीस नेलेत आमी, तेहतीस! रोज!"

"तेहतीसला चाकं हवेत जातील."

"म्हणून तर वजनाला माणूस! तेच सांगतोय कवाधरनं! माणूस उभा राहिला की बसती गाडी!"

गायत्रीनं खडू खाली ठेवला.

"मग काका, तुम्ही उभे राहा."

पत्र्यावर कुठंतरी पारवा फडफडला. हमालांनी एकमेकांकडं बघितलं.

"ताई, आता अध्यक्षांना..." महांतप्पांनी सुरुवात केली.

"का? ऊन नाही, ओझं नाही. चार पावलंसुद्धा नाहीत. गाडी जागची हलणार नाही. नुसतं उभं राहायचं आहे."

काका तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. आपण नाही म्हणालो तर काय होईल आणि हो म्हणालो तर काय होईल, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी टॉवेल खुर्चीवर फेकला.

"राहतो. भेतो काय मी?"

ते गाडीच्या मागं गेले. वहाणा काढल्या. उजवा पाय टाकायला गेले तर शांतम्मा बोलली.

"डावा आधी, काका. न्हायतर घसरतंय."

काकांनी पाय बदलला. खांब धरला, वर चढले. त्यांची पावलं मोठी होती. ठिपके पूर्ण झाकले गेले. त्यांचं तोंड सीटच्या पाठीकडं होतं. तिथून पेटी दिसत नव्हती.

गायत्री पुढच्या बाजूला फोर्कजवळ बसली, जमिनीपासूनच्या चार बोटांवर नजर ठेवून. पेटीकडं जायला कुणी उरलं नव्हतं. शांतम्मा आधीच तिथं होती.

"म्या बघती, ताई," ती म्हणाली. "आकडे येतात मला. पोरीबरोबर शिकले."

गायत्रीनं मान हलवली.

"किती झालं?" काकांनी विचारलं.

"एकशे सदतीस."

"बघा!" महांतप्पा म्हणाले. "बसली का न्हाय गाडी?"

"कट्टा ठेवा," गायत्री म्हणाली.

एकतिसावा कट्टा पडला. गाडीचं धूड किंचित हललं, काकांनी दुसरा हातही खांबाला लावला.

"सत्त्याण्णव," शांतम्मा म्हणाली. मग म्हणाली, "आता मधीच उतरायचं न्हाय हं, काका. कट्टे उतरस्तोवर."

"का?"

"तुमी उतरलात की ती उठती."

बत्तिसावा कट्टा हमालानं टाकला नाही, हळूच टेकवला.

"सत्तावन्न."

भीमाशंकरनं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले होते, दांड्यांपासून लांब. काकांच्या पायांची बोटं लोखंडावर आवळली गेली होती. नखं पांढरी झाली होती.

हमाल तेहतिसावा कट्टा खांद्यावर घेऊन थांबला आणि गायत्रीकडं बघू लागला. गायत्रीनं काकांकडं बघितलं. तिला त्यांची फक्त पाठ दिसली, आणि खांबाला धरलेले दोन हात.

"ठेव," काका म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "अप्पा तेहतीस म्हणालेत ना. ठेव."

कट्टा टेकला. मागून बारीक करकर ऐकू आली. आकडे खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. शांतम्मा पेटीपाशी वाकून ते स्थिर व्हायची वाट बघत होती.

"किती?" काकांनी विचारलं.

तिनं आकड्यांवरून नजर काढून त्यांच्या पाठीकडं बघितलं.

"अगं, किती झालं?"

"काका," शांतम्मा म्हणाली, "आज सोमवार. उपास हाय का तुमचा?"

"हाय."

"सतरा," शांतम्मा म्हणाली.